निळ्या रेषेच्या आत

सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोका पातळी ४५ फूट. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही वर्षी नदीने ती ओलांडली. २०१९ मध्ये तर पाणी ५७ फुटांवर गेले. पुरासाठी कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या नावाने बोटे मोडणे सोपे. पण निळ्या पूररेषेत, म्हणजे बांधकामाला मनाई असलेल्या पट्ट्यात, भराव टाकून उठलेल्या इमारती काही अलमट्टीने बांधल्या नाहीत! पाणी ओसरते, तेव्हा उसाच्या पोंग्यात गाळ शिरलेला असतो. वरून हिरवा दिसणारा फड आतून कुजतो. गोठ्यात नुसती दावी उरतात. पंचनाम्यात यातले किती उतरते, ते शेतकऱ्यालाच विचारा. पुराचा गाळ जमिनीला पोसतो हे खरे, पण प्लास्टिक आणि सांडपाणी मिसळलेला नव्हे. नदीकाठी घर घेणाऱ्या वाचकांनी बिल्डरच्या माहितीपत्रकाआधी पूररेषेचा नकाशा मागावा.