आठवड्यातून एकदा नाही, रोज दोनदाही नाही

उन्हाळ्यात कुंडीतल्या ऑर्किडला किती दिवसांनी पाणी द्यायचं, याची दोन उत्तरं आपल्याकडे, नागपूरजवळच्या हिंगण्यात, ठरून गेली आहेत. एक उत्तर नर्सरीतून कुंडीबरोबरच घरी येतं : आठवड्यातून एकदा, तेही बेताने. दुसरं शेजारपाजारचं : हा हिंगण्याचा उन्हाळा आहे, सकाळ-संध्याकाळ घाला, नाहीतर जळून जाईल. दोन्ही उत्तरं आपुलकीने दिलेली असतात आणि दोन्हींनी झाडं मरतात. वानाडोंगरी, डिगडोह, इसासनीकडच्या नव्या फ्लॅटच्या बाल्कनीत फेब्रुवारीत फुललेलं फॅलेनॉप्सिस ऑर्किड येतं आणि पोळ्यापर्यंत नुसती कुंडी उरते. खरं तर हे झाड नीट ठेवलं तर वर्षानुवर्षं जगतं आणि पुन्हा पुन्हा फुलतं. ते आपल्या उन्हाने मेलं, असं म्हणून आपण मोकळे होतो. माझं म्हणणं असं की ते बहुतेक वेळा आपण घातलेल्या किंवा न घातलेल्या पाण्याने मरतं, आणि ते टाळणं पूर्णपणे आपल्या हातात आहे.

आधी ‘आठवड्यातून एकदा’वाल्यांचा पक्ष घेऊ, कारण तो छापील असतो आणि छापील गोष्टीवर आपला विश्वास लवकर बसतो. त्यांचं म्हणणं असं की ऑर्किड हे मुळात झाडाच्या खोडावर वाढणारं. त्याची मुळं मातीत राहत नाहीत, ती ओली राहिली की कुजतात, म्हणून पाणी कमीच बरं. यातली आधीची विधानं या ऑर्किडांपुरती खरी आहेत. शेवटचं मात्र त्यांतून निघत नाही. ‘आठवडा’ हा आकडा आला कुठून? ज्या हवेत तो खरा ठरला त्या हवेतून. युरोपातल्या किंवा अमेरिकेतल्या घरातली बैठकीची खोली, २२ अंश तापमान, ५० टक्के आर्द्रता, मॉसमध्ये बसवलेलं झाड आणि प्लास्टिकची कुंडी. तिथे आठवडाभर ओल टिकते.

आता हिंगण्याचा मे महिना बघा. ऐन दुपारी पारा ४४ वर आणि आर्द्रता १५-२० टक्क्यांवर. हवा किती पाणी ओढून घेऊ शकते याचा हिशेब भौतिकशास्त्रात सरळ मांडता येतो; तो मांडला तर आपली दुपारची हवा त्या बैठकीच्या खोलीच्या पाच-सहा पट जोराने पाणी ओढते. मे २०१३मध्ये नागपुरात पारा ४७.९ अंशांवर गेला होता. तशा दिवशी हे गणित आणखी बिघडतं. आपल्याच देशातले मार्गदर्शक पाळावेत म्हटलं, तर आपली राष्ट्रीय ऑर्किड संशोधन संस्था १९९६ साली स्थापन झाली ती सिक्कीममधल्या पाकयोंगला, हिमालयाच्या डोंगरउतारावर. तिथल्या उन्हाळ्यात आणि आपल्या ऐन उन्हाळ्यातल्या नवतप्यात तुलनाच नाही. त्या संस्थेचं काम मोलाचं आहे, पण पाकयोंगचा दिनक्रम हिंगण्याच्या गच्चीवर चालणार नाही.

याच पक्षातला एक उपाय अलीकडे फार पसरला आहे : आठवड्याला बर्फाचे तीन खडे ठेवा. पुष्कळ बागप्रेमी यावर ‘थंडीने मुळं मरतात’ म्हणून तुटून पडतात. ते चूक आहे. २०१७ साली ओहायो आणि जॉर्जिया विद्यापीठांच्या संशोधकांनी हा प्रयोग पद्धतशीर करून पाहिला आणि बर्फाने फॅलेनॉप्सिसचं नुकसान झालेलं त्यांना दिसलं नाही. म्हणजे दोष बर्फात नाही. दोष एवढाच की तीन खड्यांचं पाणी तिकडच्या खोलीत आठवडाभर पुरतं, आपल्या बाल्कनीत ते दुसऱ्या दिवशीही शिल्लक राहत नाही.

आता दुसरा पक्ष, आणि हा अधिक घातक, कारण तो आपल्या स्वभावाला धरून आहे. विदर्भातला माणूस उन्हातून आलेल्याला आधी पाण्याचा गडवा देतो, मग बोलतो. तीच माया तो झाडावर करतो. जास्वंद, मोगरा, तुळस यांना रोज दोनदा पाणी घातलेलं मे महिन्यात सोसतं, कारण त्यांची मुळं मातीची आहेत. ऑर्किडच्या मुळाची रचनाच वेगळी. मधोमध एक बारीक चिवट दोरा आणि त्याभोवती मृत, पोकळ पेशींचं जाड आवरण. त्याला व्हेलामेन म्हणतात. कोरडं असताना हे आवरण चांदीसारखं पांढुरकं दिसतं. पाणी पडलं की क्षणात भरतं आणि आतला हिरवा रंग वर दिसू लागतो. मिळेल ते पाणी झटकन पकडायचं आणि नंतर हवा खेळू द्यायची, अशी ही सोय आहे. हे आवरण कायम भरलेलं राहिलं तर मुळाला प्राणवायू मिळत नाही, ते गुदमरतं, आणि ३५-४० अंशांच्या उबेत बुरशी व जिवाणू त्याचा लगेच ताबा घेतात. म्हणजे उन्हाळा जितका कडक, तितकं तुंबलेलं पाणी जास्त धोक्याचं.

खात्री करायची असेल तर अशा झाडाची कुंडी उपडी करा. कुजलेलं मूळ तपकिरी, मऊ असतं. दोन बोटांच्या चिमटीत धरून ओढलं की वरचं आवरण सायकलच्या ब्रेकवायरच्या कव्हरासारखं सरकून हातात येतं आणि मागे नुसती तार उरते. अशा मुळातून एक थेंबही वर चढत नाही. वर पानं लोंबतात, सुरकुततात. आणि इथेच सगळ्यात मोठी फसगत होते. तहानलेल्या झाडाचीही पानं अशीच सुरकुततात. घरातला माणूस पानांकडे बघतो, ‘पाणी कमी पडतंय’ म्हणतो आणि आणखी एक तांब्या ओततो. पाण्यानेच मरत असलेल्या झाडाला पाणी! पान हा साक्षीदार दोन्ही बाजूंनी एकच जबानी देतो, म्हणून त्याच्यावर निकाल देता येत नाही. निकाल मुळावर द्यायचा.

तिसराही एक पक्ष आहे, जंगलवाल्यांचा. आपल्या विदर्भातल्या रानात आंब्यावर, मोहावर रास्ना वाढते, तिचं शास्त्रीय नाव व्हांडा टेसेलाटा. तिला मे महिन्यात कोण पाणी घालतं? कोणीच नाही, आणि ती जगते, हे मान्य. पण ती त्या हवेतच घडलेली आहे, तिची मुळं खोडाला हातभर लांब चिकटलेली आहेत. बाजारातलं फॅलेनॉप्सिस हे आग्नेय आशियातल्या दमट जंगलांतून आलेल्या जातींच्या संकरातून, प्रयोगशाळेच्या बाटलीत जन्मलेलं. रास्नेचा न्याय त्याला लावणं हा अन्याय आहे.

एकाच नियमाने सगळी ऑर्किडं वाढवायची हाव नवी नाही. १८३०च्या सुमारास इंग्लंडमध्ये जॉन लिंडली या मोठ्या वनस्पतिशास्त्रज्ञाने सल्ला दिला की ऑर्किडांना भरपूर उष्णता, गडद सावली आणि भरपूर दमटपणा द्या. धनिकांनी काचेची घरं तशी कोंदट केली आणि जहाजांनी आणलेली असंख्य झाडं त्यांत मेली. चॅट्सवर्थच्या बागेत जोसेफ पॅक्स्टनने वेगवेगळ्या झाडांना वेगवेगळी हवा दिली, खिडक्या उघडल्या, तेव्हा ती जगू लागली. लिंडली विद्वान होता. चुकला तो त्याचा एकच नियम.

मग हिंगण्यात करायचं काय? माझं मंडन सरळ आहे. किती दिवसांनी, हे कुंडी आणि तिच्यातलं मिश्रण ठरवतं. ते वाळत आलं की भरपूर पाणी, वाळलं नसेल तर थेंबही नाही. आणि हवेचा कोरडेपणा ही वेगळी अडचण आहे, तिचा उपाय कुंडीबाहेर करायचा.

व्यवहारात हे असं उतरतं. भोकांच्या मातीच्या कुंडीत कोळसा आणि विटांचे तुकडे घालून लावलेलं डेंड्रोबियम असेल, तर मे महिन्यात ते एका दिवसात कोरडं होतं. त्याला रोज सकाळी पाणी हवंच, आणि तिथे ‘आठवड्यातून एकदा’ म्हणणं म्हणजे उपासमार. लाकडी टोपलीत मुळं मोकळी सोडलेल्या व्हांडाला सकाळी मुळं हिरवी होईपर्यंत भिजवायचं आणि उन्हं कलल्यावर पुन्हा एकदा. पण कूलरच्या खोलीत, प्लास्टिकच्या कुंडीत, मॉसमध्ये घट्ट बसलेलं फॅलेनॉप्सिस चार-पाच दिवसही ओलं राहू शकतं. त्याला रोज पाणी म्हणजे मरण. तीन कुंड्या, एकच घर, एकच उन्हाळा, आणि तिघींची उत्तरं वेगळी. ओल कळायला खराट्याची एक काडी पुरे : मिश्रणात बोटभर खोल खुपसा, दहा मिनिटांनी काढा, गालाला लावून बघा. गार लागली तर थांबा. कुंडी उचलून वजनाचा अंदाज घ्यायची सवय लागली की काडीचीही गरज उरत नाही.

वेळ सकाळची. दुपारी पाणी घालू नये हे सगळेच सांगतात, मात्र कारण चुकीचं सांगतात. पाण्याचा थेंब भिंग होऊन पान जाळतो, ही समजूत गुळगुळीत पानांपुरती खरी नाही. २०१० साली हंगेरीतल्या संशोधकांनी ती तपासून खोडून काढली आहे. खरं कारण आपल्या गच्चीवर आहे. काळ्या टाकीतलं दुपारचं पाणी हाताला चटका देतं, ते मुळांवर ओतायचं? रात्री बादली भरून घरात ठेवा आणि पहाटे तेच पाणी घाला. पाणी कुंडीच्या तळातून वाहून जाईपर्यंत घाला, मिश्रणातले क्षार त्याबरोबर निघून जातात. फॅलेनॉप्सिसच्या पानांच्या बेचक्यात पाणी साचलं तर कापसाने टिपून घ्या, नाहीतर गाभा सडतो. सगळ्या कुंड्या एकाच बादलीत बुडवायची घाई करू नका, एका झाडाचा रोग त्या पाण्यातून दुसऱ्याला लागतो.

पाणी कोणतं, यावर मला विशेष बोलायचं आहे, कारण यात आपण चांगल्या हेतूने मोठं नुकसान करतो. आपली जमीन काळ्या बेसॉल्टची, बोअरचं पाणी जड. मातीच्या कुंडीवर चढणारा पांढरा थर त्याचाच. पाणी वाया जाऊ नये म्हणून आरओचं टाकाऊ पाणी आणि कूलरच्या टाकीत उरलेलं पाणी झाडांना घालायची आता रीतच पडली आहे. पाणी वाचवण्याची ही भावना योग्यच आहे. पण आरओच्या टाकाऊ पाण्यात मूळ पाण्यापेक्षा क्षार जास्त असतात, आणि कूलरमधून नुसतं पाणी उडतं, क्षार टाकीतच घट्ट होत जातात. असं पाणी ऑर्किडच्या मुळांची टोकं जाळतं. फरशी पुसा, अंगण शिंपडा, ऑर्किडला घालू नका. उलट एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी जवळपास क्षारमुक्त असतं. बाटली लावून ते धरून ठेवा. ऑर्किडला लागतं किती? पाच-सात कुंड्यांना एक बादली. खालून वाहून गेलेलं पाणी कढीपत्त्याला जाईल. टँकरची वाट बघणाऱ्या वस्तीतही एवढं पाणी निघतं.

आणि हवा. जाड पानांची बरीच ऑर्किडं, फॅलेनॉप्सिस आणि व्हांडा धरून, पानांवरची छिद्रं रात्री उघडतात आणि दिवसा मिटून घेतात. त्यामुळे त्यांना दमटपणा खरा हवा असतो तो संध्याकाळनंतर. कुंड्या एकत्र ठेवा, खाली परातीत वाळू-खडे घालून पाणी ठेवा आणि कुंडीचा तळ त्या पाण्याला लागू देऊ नका. दिवेलागणीला बाल्कनीची फरशी ओली करा. गच्चीवर असेल तर हिरवी जाळी, दुपारचं पश्चिमेचं ऊन पूर्ण बंद. सगळ्यात उत्तम जागा म्हणजे आपल्या घराघरांत असलेली कूलरची खोली. कूलरचा झोत अंगावर येणार नाही अशी पूर्वेची खिडकी तिथे मिळाली, तर मे महिनाही निभावतो.

कोणी म्हणेल, एवढा उपद्व्याप नोकरी करणाऱ्या माणसाने कधी करायचा? एमआयडीसीची पहिली पाळी गाठायची असेल त्याला रोज काडी खुपसत बसणं जमणार नाही. हा आक्षेप प्रामाणिक आहे. त्याचं उत्तर पाण्यात नाही, कुंडीत आहे : घरातली सगळी झाडं एकाच प्रकारच्या मिश्रणात, एकाच मापाच्या कुंडीत घ्या. मग एका कुंडीची परीक्षा सगळ्यांना पुरते, आणि तिला सकाळच्या चहाएवढाही वेळ लागत नाही.

शेवटची गोष्ट पावसाची. जूनच्या मध्याला नागपूरकडे मान्सून पोचतो आणि दोन-चार दिवसांत हवा पालटते. मेमध्ये रोज पाणी मागणारी तीच कुंडी आता चार-पाच दिवस ओली राहते. हाताला लागलेली उन्हाळ्याची सवय मात्र सुटत नाही, म्हणून उन्हाळा काढलेली कितीतरी ऑर्किडं जुलैत जातात. मृगाचा पहिला चांगला पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी तांब्या बाजूला ठेवा आणि आधी मूळ बघा : पांढरं असेल तर पाणी, हिरवं असेल तर नाही.