भूत नव्हे, पितर!

सुटीत मुलांना सोबत घेऊन कोणता चित्रपट पाहावा, असे अनेक माता-भगिनी विचारतात. नि:संकोच नाव घ्यावे असे चित्रपट थोडेच. २००८च्या मे महिन्यात प्रदर्शित झालेला, विवेक शर्मा दिग्दर्शित ‘भूतनाथ’ हा त्यांपैकी एक. मात्र काही गोष्टी ध्यानात ठेवून तो पाहावा.

कथेचे बीज ऑस्कर वाइल्डच्या ‘कँटरव्हिल घोस्ट’मधले, म्हणजे परकीय. परंतु ‘महाभारत’ मालिका घराघरांत नेणाऱ्या बी. आर. चोप्रांच्या संस्थेने त्याला भारतीय मातीत रुजवले आहे. गोव्यातील जुन्या बंगल्यात राहायला आलेला चिमुकला बंकू आणि तेथे वावरणारा कैलासनाथांचा आत्मा यांची गट्टी जमते. पूर्वार्ध पोरकट आहे. मुलांचे डबे फस्त करणारे मुख्याध्यापक हा विनोद गुरुजनांविषयीच्या आदराला शोभणारा नाही. भूत नसते, ‘एंजल’ असतात, असे बंकूची आई त्याला सांगते. मारुतिस्तोत्र म्हणून निर्भय होणाऱ्या आपल्या मुलांना हे उसने देवदूत कशाला हवेत?

उत्तरार्ध मात्र अंतर्मुख करतो. अमिताभ बच्चन यांनी उभा केलेला कैलासनाथ हा सूडाने पेटलेला पिशाच नसून वाट पाहणारा बाप आहे. मुलगा अमेरिकेत स्थिरावलेला, आईवडिलांनी उभारलेले घर विकायला निघालेला. शेवटी तोच मुलगा येऊन श्राद्ध करतो आणि पित्याला मुक्ती मिळते. श्राद्ध म्हटले की नाक मुरडण्याची फॅशन असलेल्या चित्रसृष्टीत या विधीची टवाळी न करता तो कथेच्या केंद्रस्थानी आणणे, हे धैर्यच म्हटले पाहिजे. जे श्रद्धेने करायचे ते श्राद्ध, हा अर्थ येथे दहा वर्षांच्या मुलालाही व्याख्यानाविना समजतो. (मुक्त झालेला आत्मा अखेरीस पुन्हा हाकेला ओ देतो आणि २०१४च्या दुसऱ्या भागात चक्क निवडणूक लढवतो! गल्ल्याच्या गणितापुढे मोक्षाचे काय चालणार?)

एक प्रश्न चित्रपट टाळतो. सारा दोष मुलाच्या माथी मारून तो मोकळा होतो. पण त्याला परदेशी धाडताना अभिमानाने पेढे कोणी वाटले? पुणे-डोंबिवलीतील आपल्यापैकी कितीतरी घरांत मुलांना पहिलीपासून गुणांच्या शर्यतीत जुंपले जाते. आजोबांच्या तिथीला शाळा बुडू नये, म्हणून नातवाला पानावर बसवलेही जात नाही. मग पंचवीस वर्षांनी त्याच मुलाने तिथीला विमान पकडून यावे, ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

तेव्हा चित्रपट जरूर पाहावा, तोही तीन पिढ्यांनी एकत्र बसून. श्राद्धाच्या प्रसंगी मुले काहीबाही विचारतील. त्यांना गप्प न करता भिंतीवरच्या तसबिरीतील पणजोबांची गोष्ट त्याच वेळी सांगावी.