गाडीची दुसरी चावी बंपरखाली नको, घरी हवी

देगलूरहून नांदेड किंवा हैदराबादला निघालेली गाडी वाटेत चहासाठी थांबली, चावी आत राहिली आणि दार लॉक झाले, तर पंचाईत होते. म्हणून अनेक जण दुसरी चावी मडगार्डच्या आत किंवा बंपरखाली चुंबकाच्या डबीत लपवतात. ही सोय महागात पडू शकते. चोर आधी याच जागा चाचपतो.

चोरीच्या दाव्यावेळी विमा कंपनी सहसा दोन्ही चाव्या मागते. एक चावी देता आली नाही, तर निष्काळजीपणाचे कारण पुढे करून दावा अडवला जाऊ शकतो.

बहुतेक नव्या गाड्यांच्या चावीत चिप असते. तिची ओळख पटल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही. त्यामुळे लपवायचीच असेल, तर चिप नसलेली साधी चावी करून घ्यावी. तिने फक्त दार उघडते. चिपची चावी घरी किंवा विश्वासातल्या माणसाकडेच असावी.

मात्र उन्हात बंद गाडीत मूल अडकले असेल, तर चावीची वाट पाहू नये. ११२ला फोन करावा आणि मुलापासून लांबची काच फोडावी. काच पुन्हा बसवता येते.