कथेला न लागलेली शहरे

नेपथ्यकाराने महिनोन् महिने खपून रंगभूमीवर भव्य राजवाडा उभारावा आणि नाटककाराने सबंध प्रयोग कोपऱ्यातल्या एका बाकावर उरकून घ्यावा, तर प्रेक्षक त्याला दोष दिल्यावाचून राहणार नाहीत. कथाप्रधान व्हिडिओ गेमांच्या सृष्टीत मात्र हा प्रकार राजरोस घडत आला आहे. खेळाडूने वाटेल तिकडे हिंडावे अशा विस्तीर्ण प्रदेशाला तेथे 'ओपन वर्ल्ड', म्हणजे मोकळे जग, म्हणतात. असे जग असणे ही प्रतिष्ठेची गोष्ट होऊन बसली आहे. कथेला त्याची गरज आहे काय, हा प्रश्न मागे पडतो.

2011 साली प्रसिद्ध झालेला 'एल. ए. न्वार' हा खेळ पाहा. सिडनीतील 'टीम बाँडी' या संस्थेने सुमारे सात वर्षे राबून 1947 सालचे लॉस एंजेलिस शहर जुन्या छायाचित्रांच्या आधारे त्यात पुन्हा उभे केले. नायक कोल फेल्प्स हा युद्धावरून परतलेला पोलीस अधिकारी. गुन्ह्याच्या जागी पुरावे धुंडाळणे आणि साक्षीदार खरे बोलतो की खोटे हे त्याच्या चेहऱ्यावरून ताडणे, हे त्याचे काम. नटांच्या मुद्रा 32 कॅमेऱ्यांनी टिपल्या असल्यामुळे भुवई किंचित चढली तरी ती नजरेस येते. खेळाचा सारा प्राण अशा बंद खोल्यांत आहे. एका खोलीतून दुसरीत जाताना मध्ये जे लागते ते शहर नव्हे, नुसते अंतर होय. मोटार जोडीदाराला चालवावयास सांगितली की ते अंतरही गाळून थेट मुक्कामी पोहोचता येते, आणि तपासात काडीचेही उणे पडत नाही! ज्यांनी ते नगर विटेविटेने रचले, त्यांनीच ते टाळण्याची वाट ठेवावी, याहून स्पष्ट कबुली कोणती? ती संस्था त्याच वर्षी बंद पडली, हे आठवले की त्या ओस रस्त्यांमागचे श्रम अधिकच जाणवतात.

अपवाद एकच, पण मोठा बोलका. खुनांच्या एका मालिकेच्या अखेरीस खुनी इंग्रज कवी शेलीच्या 'प्रोमिथिअस अनबाउंड'मधील उतारे धाडू लागतो. प्रत्येक उताऱ्यात शहरातील एखाद्या स्थळाची खूण दडलेली असते, आणि ती ओळखून फेल्प्सला एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जावे लागते. त्यांपैकी एक म्हणजे ग्रिफिथच्या 1916 सालच्या 'इन्टॉलरन्स' या मूकपटाचा प्रचंड देखावा. (प्रत्यक्षात तो 1947 च्या पुष्कळ आधीच पाडला गेला होता, खेळकर्त्यांची ही लबाडी मला मनापासून आवडते.) तेवढ्या प्रकरणापुरते शहर वाचावे लागते. पुढे ते पुन्हा मोटारीच्या काचेबाहेर सरकणारी घरांची रांग होते.

यावर सुचविला जाणारा उपाय मला मूळ दुखण्याहून वाईट वाटतो. जग रिकामे वाटते ना, मग ते कामांनी भरून टाका! 2007 सालच्या 'असॅसिन्स क्रीड'मध्ये दमास्कस, जेरुसलेम अशी शहरे उभी करून त्यांत शेकडो निशाणे वेचावयास ठेवली आहेत. निशाण वेचणाऱ्याची दृष्टी निशाणावर. जेरुसलेमकडे पाहतो कोण?

उलट 2010 सालच्या 'माफिया 2'मधील एम्पायर बे या कल्पित नगरावर रिकामेपणाचा आरोप झाला, तो मला अर्धाच मान्य आहे. (हा आणि 'एल. ए. न्वार' हे दोन्ही खेळ प्रौढांकरिता आहेत. विद्यार्थिमित्रांनी त्यांविषयी तूर्त वाचावे, खेळण्याची घाई करू नये.) कपडे घ्यावे, मोटार रंगवून घ्यावी, काही खावे, याखेरीज कथेबाहेर तेथे फारसे काही करता येत नाही, हे खरे. परंतु नायक व्हीटो युद्धावरून 1945 च्या हिवाळ्यात घरी येतो तेव्हा रस्ते बर्फाने झाकलेले असतात. पुढे तुरुंगवास भोगून 1951 साली तो सुटतो, तेव्हा बर्फ नाही, मोटारींची घडण निराळी, रेडिओवरचे संगीतही निराळे. त्याची वर्षे कोठे गेली हे कोणी बोलून दाखवीत नाही. तेच रस्ते ते दाखवितात. तेथे एकही निशाण वेचावे लागत नाही. दुःख एवढेच, की असा प्रसंग साऱ्या कथेत एकदाच येतो.

याच्याही आधी, 1999 साली, जपानच्या 'शेनम्यू'ने हे साधले होते, आणि तेही एवढ्याशा जागेत. 1986 सालच्या योकोसुका गावात र्‍यो नावाचा तरुण आपल्या पित्याच्या मारेकऱ्याचा माग काढीत निघतो. त्याच्यापाशी जोडीदार नाही, मोटार नाही. दुकानदारांना विचारावे, खलाशी कोठे जमतात याची चौकशी करावी, दुकान उघडले नसेल तर उघडेपर्यंत थांबावे. प्रत्येक रहिवाशाची दिनचर्या ठरलेली. सकाळी दिसलेली व्यक्ती रात्री तेथे असेलच असे नाही. कित्येकांना हा खेळ कंटाळवाणा वाटला, आणि तो आहेही थोडा. पण पुढे पित्याच्या खुनाचा धागा बंदरापर्यंत पोहोचतो, आणि तो धरून ठेवण्यासाठी र्‍यो तेथे माल उचलणाऱ्या गाडीवर नोकरी पत्करतो. रोज ठरल्या वेळी हजर होतो, खोकी वाहतो, आणि जेवणाच्या सुट्टीत कामगारांना प्रश्न विचारीत फिरतो.