थकलेला शाफ्ट आणि ढापलेली रीडिंग्ज

माझी मराठी कॉन्व्हेंटची आहे, चुका पोटात घाला. पण हे सांगायचंच होतं.

मागच्या सेमला लॅबमध्ये फटीग टेस्ट होती. वजन लावलेला दांडा फिरत ठेवायचा आणि तो तुटेपर्यंत किती फेरे झाले ते मोजायचं. तास संपत आला तरी दांडा तुटेना. मेसची वेळ झालेली. मग काय, सीनियरचं जर्नल आणलं, रीडिंग्ज ढापली, सही मिळाली. असं करणारी मी एकटी नाही, हे हॉस्टेलवाल्यांना वेगळं सांगायला नको.

नंतर १४ मार्च १९८० च्या अपघाताबद्दल वाचलं. न्यूयॉर्कहून निघालेलं पोलंडचं इल्युशिन-६२ विमान वॉर्सात उतरत होतं. चाकं नीट उघडल्याचा दिवा लागेना, म्हणून वैमानिकांनी पुन्हा वर जायचं ठरवून इंजिनांचा जोर वाढवला. तेवढ्यात एका इंजिनाचा शाफ्ट तुटला, टर्बाइनची चकती फुटली आणि तिच्या तुकड्यांनी शेपटीकडची कंट्रोल्सच तोडून टाकली. ८७ पैकी कोणीही वाचलं नाही. त्यात अमेरिकेच्या हौशी बॉक्सिंग संघाचे २२ जण होते. कित्येक बॉक्सर तर विशीतले!

कारण होतं धातूचा थकवा. शाफ्ट एका दिवसात तुटत नाही. आधी बारीक भेग पडते, मग ती वाढत जाते. वरून बघणाऱ्याला सगळं ठीकच वाटतं.

वाईट याचं वाटतं की ९ मे १९८७ ला वॉर्साहून निघालेल्या, त्याच कंपनीच्या त्याच जातीच्या विमानात पुन्हा शाफ्ट तुटला. १८३ माणसं गेली. त्या वेळी बेअरिंगमध्ये रोलर हवे त्याच्या निम्मेच होते. तेही कोणीतरी बसवलं असणार, आणि कोणीतरी "तपासलं" म्हणून सही केली असणार.

तुम्ही म्हणाल, कुठे ते विमान आणि कुठे आपलं जर्नल! पण न बघता आकडा लिहायची सवय डिग्री मिळाली की आपोआप सुटते का? मला नाही वाटत. तीही त्या भेगेसारखीच वाढत असते.

सरांना एकच विनंती. दहाऐवजी पाचच प्रयोग घ्या, पण ते पूर्ण होऊ द्या. दांडा रात्री तुटणार असेल तर आम्ही आळीपाळीने थांबू, डबा मेसमधून मागवू.

हे छापून आल्यावर माझं जर्नल परत मागवलं जाईल. जाऊ दे. दांडा लावायला मी तयार आहे.