लेंडल आणि गवत

इव्हान लेंडल कधी विम्बल्डन जिंकला नाही, सबब तो 'पूर्ण' चॅम्पियन नव्हे. हे वाक्य वर्षानुवर्षं ऐकतोय आणि दर वेळी डोकं फिरतं.

बरं, मग मॅकेन्रो फ्रेंच ओपन कधी जिंकला? १९८४ च्या पॅरिस फायनलला दोन सेटने पुढे होता, तिथून हरला. कुणाकडून? लेंडलकडून! बेकरला तर लाल मातीवर अख्ख्या कारकिर्दीत सिंगल्सची एकही स्पर्धा जिंकता आली नाही. सॅम्प्रस पॅरिसला जेमतेम एकदा सेमीफायनलपर्यंत पोचला. यांना कुणी अपूर्ण म्हणतं का हो? लेंडल मात्र न मानवणाऱ्या गवतावर सात वेळा विम्बल्डनच्या सेमीफायनलला पोचला, पैकी १९८६ आणि १९८७ ला फायनल खेळला. १९९० मध्ये गवतावर सराव हवा म्हणून पठ्ठ्याने फ्रेंच ओपनच सोडली (जी तो तीनदा जिंकला होता!). क्वीन्स क्लबला मॅकेन्रो आणि बेकर, दोघांनाही धुतलं. विम्बल्डनला एडबर्गने सेमीफायनलमध्ये हरवलं. असो.

खरी गोम वेगळीच आहे. हा माणूस कोर्टवर हसायचा नाही, तमाशे करायचा नाही. म्हणून तो 'मशीन'. १९८६ मध्ये तो नंबर वन असताना 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड'ने मुखपृष्ठावरच छापलं, की या चॅम्पियनची कुणाला पर्वा नाही.

पहिल्या चार ग्रँड स्लॅम फायनल हरलेला माणूस हा. मोक्याच्या क्षणी कच खातो, असं तेव्हा सगळे म्हणत. त्याने काय केलं? खाणं बदललं, व्यायाम वाढवला, यू.एस. ओपनला असतं तसंच कोर्ट घरी करून घेतलं. १९८२ ते १९८९, सलग आठ वर्षं तिथे फायनलला. एकूण आठ ग्रँड स्लॅम, नंबर वनवर २७० आठवडे. आणि आपण म्हणणार, "मेहनती होता, पण प्रतिभा नव्हती."

आमच्या धंद्यातही हेच. रात्री दोनला बंद पडलेली सिस्टीम उठवणारा हीरो. ज्याची सिस्टीम बंदच पडत नाही त्याचं नावही मॅनेजरला आठवत नाही.

आणि हो, २०१३ आणि २०१६ मध्ये अँडी मरे विम्बल्डन जिंकला, तेव्हा त्याचा कोच कोण होता ते एकदा बघून घ्या.