धूर कोणाच्या अंगणात?

विजेच्या मोटारीला धूर नसतो, असे पुण्याचे माझे मेहुणे फराळाला बसल्यावर मोठ्या अभिमानाने सांगत होते. मी म्हणालो, “असतो की! तो आमच्या चंद्रपुरात असतो.” १९८२ पर्यंत आमचा जिल्हाही तोच. तिथल्या २९२० मेगावॉटच्या केंद्रात दगडी कोळसा जळतो, आणि अशाच विजेवर शहरातली मोटार निर्मळ धावते.

मोटारीवर माझा राग नाही. पेट्रोलपेक्षा ती बरीच. राग आहे तो पंगतीच्या क्रमावर. २०२५ च्या धोरणाने सरकारने तिला अटल सेतू, मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धीवर टोल माफ केला. म्हणजे ज्याच्यापाशी मोटार आहे, त्यालाच वाढले! इकडे भामरागडला वारा सुटला की दिवे जातात; २०२४ च्या पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुराने रस्ताच तुटला.

वाचकहो, विजेची मोटार जरूर आणा. पण पहिली आणाल ती दवाखान्याच्या दाराशी उभी करा, दुसरी एस.टी.च्या थांब्यावर, आणि दवाखान्याच्या छपरावर सूर्याची वीज घाला. बाळंतीण वेळेवर पोचली, तर त्या मोटारीची आरती मी स्वतः ओवाळीन.

धूर आमच्याकडे ठेवलात. आता एक पणतीही ठेवा.